नेव्हिल डिसोझा आणि ऑलिंपिकमधले चार गोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा टर्फवर एका संध्याकाळी लीगची मॅच बघत उभा होतो. शेजारी चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा बूट उलटा करून त्यातले काळे रबराचे दाणे झटकत बसला होता. त्याला विचारलं, "नेव्हिल डिसोझा कोण रे?" त्यानं पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बिल्डर असेल, काका. नाहीतर नगरसेवक."

मुंबईतल्या पाट्यांचा विचार केला तर पोराचा अंदाज अगदीच वाईट नव्हता. पण तेव्हापासून जो भेटेल त्याला मी नेव्हिलबद्दल सांगत सुटलो आहे, आणि लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून हे एकदाचं लिहून काढलं.

मग कोण हा नेव्हिल डिसोझा?

बॉम्बेचा सेंटर फॉरवर्ड. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्याच स्पर्धेत भारत चौथा आला, आणि ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारतानं याहून वर कधी मजल मारलेली नाही. जन्म 3 ऑक्टोबर 1932, मृत्यू 16 मार्च 1980. पन्नाशीसुद्धा गाठली नाही.

हॅट्‌ट्रिकची ती मॅच कशी झाली? एकतर्फी होती का?

4-2 हा निकाल वाचून तसं वाटतं खरं. प्रत्यक्षात बराच वेळ ती कुणाचीही मॅच होती.

तारीख 1 डिसेंबर 1956, मेलबर्नचं ऑलिंपिक पार्क, उपांत्यपूर्व फेरी. यजमान ऑस्ट्रेलियानं आधीच्या फेरीत जपानला 2-0 असं घरी पाठवलं होतं. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल, 1-0. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, 2-1. मध्यंतराला चार मिनिटं उरलेली असताना पुन्हा मॉरो, 2-2. म्हणजे पहिल्या अर्ध्यात मॅच भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया कमी आणि नेव्हिल विरुद्ध मॉरो जास्त. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलनं तिसरा मारला आणि या वेळी मॉरोकडे उत्तर नव्हतं. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूनं चौथा गोल करून विषय संपवला.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नेव्हिलचे तिन्ही गोल आघाडी मिळवून देणारे आहेत. 4-0 वर असताना मारलेला पाचवा नाही, की 0-3 वर असताना मारलेला समाधानाचा नाही. आकड्यात सगळे गोल सारखेच, पण स्कोअर बरोबरीत असताना गोलसमोर पाय न थरथरणं ही वेगळी चीज आहे.

तो विजय नशिबाचा भाग नव्हता कशावरून? ऑस्ट्रेलियाचा संघ तेव्हा कच्चाच असणार.

ऑस्ट्रेलिया काही फुटबॉलमधली महासत्ता नव्हती, हे कबूल. पण ऑलिंपिक संपल्यावर 12 डिसेंबरला हेच दोन संघ सिडनीत मैत्रीपूर्ण सामना खेळले आणि भारतानं तो 7-1 असा जिंकला. भारतीय फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या विजयांच्या यादीत तो आजही आहे. नशीब दोन आठवड्यांत दोनदा, आणि दुसऱ्यांदा सात गोलांचं, असं सहसा येत नाही.

त्याच्या आधी आशियातल्या कुणीच ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक केली नव्हती?

नाही. आशियाई संघांनी नाव काढलं होतं. 1936 च्या बर्लिनमध्ये जपाननं स्वीडनला 3-2 असं हरवून खळबळ उडवली होती, पण ते तीन गोल तिघांचे होते. पुढे 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानच्या कुनिशिगे कामामोटोनं सात गोल करून सर्वाधिक गोलांचा मान एकट्यानं मिळवला आणि जपाननं कांस्यपदक जिंकलं. कामामोटो जपानमध्ये दंतकथा झाला. त्याच्या बारा वर्षं आधी ती वाट मळून ठेवणारा आमचा माणूस टर्फच्या पाटीवर आहे, बिल्डर म्हणून.

शीर्षकात चार गोल आहेत. चौथा कुठला?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे, आणि तेच मला आवडतात. सगळे हॅट्‌ट्रिकवर थांबतात. मला विचाराल तर नेव्हिलचा खरा गोल चौथा.

त्यासाठी चार वर्षं मागे जावं लागतं. 1952, हेलसिंकी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी जिथं कुस्तीत कांस्यपदक मिळवलं तेच ऑलिंपिक. आपल्याला तेवढं पाठ असतं आणि असायलाच हवं. पण त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ युगोस्लावियाकडून 10-1 असा हरला. फिनलंडमधला गारठा आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. एकट्या ब्रँको झेबेकनं चार गोल केले. अहमद खाननं अगदी शेवटी एक गोल परत केला, एवढाच काय तो मीठ चोळलेल्या जखमेवरचा फुंकर.

आता 4 डिसेंबर 1956, मेलबर्न, उपांत्य फेरी. समोर पुन्हा युगोस्लाविया. मध्यंतरापर्यंत 0-0. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला देश पंचेचाळीस मिनिटं एकही गोल खात नाही, इथंच खरं तर आश्चर्य करायला हवं. आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल डिसोझा गोल करतो. भारत 1, युगोस्लाविया 0.

ती आघाडी टिकली जेमतेम दोन मिनिटं. पापेचनं बरोबरी केली, लगेच वेसेलिनोविचनं त्यांना पुढे नेलं, पापेचनं आणखी एक मारला आणि वर आपल्याच सलामच्या पायातून स्वयंगोल झाला. 4-1. निकाल वाचणाऱ्याला हा गोल सांत्वनाचा वाटतो, कारण निकालात गोलांचा क्रम नसतो. पण तो आधी झाला होता. ती दोन मिनिटं भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होता.

आपले खेळाडू अनवाणी खेळायचे म्हणून 1950 च्या वर्ल्ड कपला जाऊ दिलं नाही, हे खरं का?

नेव्हिलशी याचा थेट संबंध नाही, पण त्याचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. ब्राझीलला जायची संधी भारताला मिळाली होती, कारण गटातले बाकीचे आशियाई संघ मागे हटले. भारत इटली, स्वीडन आणि पॅराग्वेच्या गटात होता. ऐन वेळी आपल्याच महासंघानं नकार कळवला. लांबचा प्रवास, खर्च, तयारीला अपुरा वेळ आणि मुख्य म्हणजे त्या काळी ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपची न कळलेली किंमत, ही खरी कारणं. बुटांची गोष्ट ऐकायला चटकदार म्हणून टिकली. बूट सक्तीचे झाले ते हेलसिंकीच्या त्या 10-1 नंतर. मेलबर्नला आपला संघ बूट घालून खेळला.

एकच सामना जिंकून भारत चौथा आला, हे खरं आहे ना?

खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या फेरीत हंगेरीशी गाठ होती. हंगेरीनं माघार घेतली आणि भारताला न खेळताच पुढे चाल मिळाली. ते पुश्कास या गाजलेल्या स्ट्रायकरचं हंगेरी नसतं आलं, तरी हंगेरी ती हंगेरीच, त्यामुळे इथं नशीब आपल्या बाजूनं होतं हे मान्य करावं. स्पर्धेत अकराच संघ उरले होते. ऑस्ट्रेलियावर विजय, युगोस्लावियाकडून पराभव, मग 7 डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून 3-0 असा पराभव.

पण "एकच सामना जिंकला" म्हणणाऱ्यांनी पुढचंही बघावं. त्या 1956 नंतर भारत फक्त 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळला आणि तिथं एकही सामना जिंकला नाही. त्याआधी 1948 मध्येही नाही, 1952 मध्येही नाही. म्हणजे ऑलिंपिकमध्ये मैदानात उतरून भारतानं जिंकलेला फुटबॉलचा तो एकमेव सामना, आणि त्यातल्या चारपैकी तीन गोल एकाच माणसाचे.

स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचेच होते का?

संयुक्तपणे. तिघांचे चार-चार: नेव्हिल, युगोस्लावियाचा तोडोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा दिमितार मिलानोव्ह. गंमत अशी की तिघांचा हिशेब सारखाच आहे, एक हॅट्‌ट्रिक आणि वर एक. वेसेलिनोविचचे तीन अमेरिकेविरुद्ध, मिलानोव्हचे तीन ब्रिटनविरुद्ध. आणि दोघांचाही चौथा गोल भारताविरुद्ध. आपल्या बचावफळीनं ते दोन अडवले असते तर नेव्हिल एकटाच वर राहिला असता. जर-तरला अर्थ नसतो, पण ही आकडेवारी बघताना दर वेळी चुटपुट लागते.

आणखी एक हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. भारतानं ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आजवर केलेले सगळे गोल मोजले. 1948 मध्ये फ्रान्सविरुद्ध सारंगपाणी रामनचा एक. 1952 मध्ये अहमद खानचा एक. 1956 मध्ये नेव्हिलचे चार आणि किट्टूचा एक. 1960 मध्ये बलरामचे दोन आणि पी. के. बॅनर्जीचा एक. बेरीज दहा. हेलसिंकीत युगोस्लावियानं एका सामन्यात आपल्यावर जितके चढवले, तितकेच. या दहातले गोल करून भारत आघाडीवर गेला अशा वेळा पाच. एक पीकेची, फ्रान्सविरुद्ध रोममध्ये. उरलेल्या चारही नेव्हिलच्या.

तो गोव्याचा की मुंबईचा?

यावरून वाद घालणारे दोन्हीकडे आहेत आणि दोघांचंही बरोबर आहे. जन्म गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. फुटबॉल मुंबईचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते गेलं 19 डिसेंबर 1961 ला. म्हणजे मेलबर्नला भारताच्या शर्टात गोल करणाऱ्या या माणसाचं जन्मगाव त्या दिवशी भारतात नव्हतं. कागदोपत्री बघितलं तर डोकं गरगरतं, पण धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला वाढलेल्या कुणालाही यात विशेष वाटणार नाही. एकेका गावाची कूड, म्हणजे त्या गावच्या माणसांनी मुंबईत वर्गणीतून चालवलेली राहण्याची जागा, तिथं होती. बोटीवर नोकरी धरायला, बँडमध्ये वाजवायला, स्वयंपाकी म्हणून आणि फुटबॉल खेळायला गोंयकार मुंबईत यायचा. गावाकडे ज्याला खेळ म्हणत त्याची इथं नोकरी व्हायची.

खुद्द गोव्यात साळगावकर क्लब सुरू झाला तोसुद्धा 1956 मध्येच. तोवर गोव्याच्या हुशार पायांना मुंबईच जवळची होती. नेव्हिलचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला.

कुठल्या क्लबकडून खेळायचा? पोटापाण्याचं काय?

टाटा आणि नंतर कॅल्टेक्स. दोन्ही मुंबईचे, कंपन्यांचे संघ. त्या काळची पद्धतच ती: कंपनी खेळाडूला नोकरीवर घ्यायची, सकाळी सराव, मग ऑफिस, मॅच असली की लवकर सुट्टी. पगार हजेरीपटावरचा, कौतुक मुंबईच्या कूपरेज मैदानावरचं. कूपरेज म्हणजे हार्वुड लीग आणि रोव्हर्स कप. 1891 पासून चाललेल्या या रोव्हर्स कपला कलकत्त्याचे, हैदराबादचे बडे संघ मुंबईत यायचे आणि बहुतेक वेळा कप घेऊन जायचे. हैदराबाद पोलीसनं तर 1950 पासून सलग पाच वर्षं नेला. 1958 मध्ये मात्र तो मुंबईत राहिला. कॅल्टेक्सनं जिंकला, आणि त्या संघात नेव्हिल होता.

कॅल्टेक्स पुढे सरकारनं ताब्यात घेतली आणि ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. रोव्हर्स कपही या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. त्याच्या खेळाच्या खाणाखुणा शोधायला निघालं की अशी एकेक कवाडं बंद मिळतात.

रहीमसाहेबांचा यात किती वाटा?

मोठा. सय्यद अब्दुल रहीम हे भारतीय संघाचे प्रशिक्षक, मूळचे हैदराबादचे शिक्षक. हेलसिंकीला संघ त्यांचाच होता. दहा गोल खाऊन गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. 1953 मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 असं लोळवलं, फॉरवर्डपैकी एकाला मुद्दाम मागे ठेवून. समोरचा बचावपटू त्याच्यामागे गेला तर पाठीमागे भगदाड, नाही गेला तर तो मोकळा. रहीमसाहेबांनी हे हेरलं आणि आपल्या पोरांना शिकवलं. ते अशा स्पर्धा भरवत ज्यात ड्रिबलिंगला बंदी असे: चेंडू आला की द्यायचा. गल्लीत चार जणांना चकवून टाळ्या घेणाऱ्या पोरांना हे किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

नेव्हिलसारख्या गोल करणाऱ्याला अशी व्यवस्था म्हणजे लोण्याचा गोळा. मागे कर्णधार समर 'बद्रू' बॅनर्जी, उजव्या बाजूला वीस वर्षांचा पीके, जोडीला बलराम आणि किट्टू. चेंडू त्याच्यापर्यंत वेळेवर पोचायचा, आणि तो तिथं असायचा.

पीके, चुनी, बलराम यांच्यापेक्षा तो मोठा होता का?

नाही, असं माझं मत. पीके आणि बलराम सगळं मैदान खेळायचे, वर्षानुवर्षं खेळले. चुनी गोस्वामी मेलबर्नला नव्हताच. 1962 च्या जकार्ता आशियाई सुवर्णपदकाशी पीके, चुनी, बलराम ही नावं जोडलेली आहेत, नेव्हिलचं नाही. त्याचा काळ थोडका. पण तेवढ्या थोडक्या काळात, जगासमोर, बरोबरीच्या स्कोअरवर चेंडू कुणाच्या पायाशी असावा असं विचारलंत तर मी दुसरं नाव घेणार नाही.

एवढं सगळं असून तो विसरला कसा गेला?

पहिलं कारण हॉकी. 6 डिसेंबर 1956 ला भारतानं मेलबर्नमध्येच पाकिस्तानला 1-0 हरवून सुवर्ण जिंकलं. दुसऱ्या दिवशी फुटबॉल संघ कांस्य हरला. सोन्याच्या शेजारी चौथा नंबर कोण बघतो? त्याला गळ्यात घालायला पदक नाही, व्यासपीठावरचा फोटो नाही.

दुसरं कारण गाव. फुटबॉलच्या आठवणी जपण्याचं काम या देशात कलकत्त्यानं केलं. तिथं आजोबा नातवाला मोहन बागान देतात. मुंबईत क्लब कंपन्यांचे होते. कंपनी बदलली, संघ बरखास्त झाला, फाइल रद्दीत गेली. टाटाचा पाठीराखा असा पिढीजात कोण असणार? शिवाय शहरानं मन क्रिकेटला दिलेलं. आझाद मैदानावरच्या शालेय इनिंगा तोंडपाठ असणारे लोक मला भेटतात; कूपरेजचे गोल कुणी मोजून ठेवले नाहीत.

अर्जुन पुरस्कार मिळाला होता का?

नाही. पुरस्कार सुरू झाला 1961 मध्ये आणि फुटबॉलमधला पहिला गेला पीकेला, तो योग्यच होता. नेव्हिलचं नाव त्या यादीत कधी आलं नाही. यावर जास्त बोललो तर शिव्या येतील तोंडात.

रहीमसाहेबांवरच्या हिंदी चित्रपटात तो आहे ना?

आहे, आणि त्यामुळेच हे प्रश्न वाढले. चित्रपट अवश्य बघा, पण त्याचा सगळा जोर जकार्तावर आहे.

ती हॅट्‌ट्रिक झाली ते मैदान आज बघता येतं का? आम्ही मेलबर्नलाच असतो.

ऑलिंपिक पार्कचं स्टेडियम आता राहिलं नाही. 2011-12 च्या सुमारास पाडलं. बॉक्सिंग डे टेस्टला एमसीजीवर जाणारे मराठी लोक पुष्कळ आहेत. तिथून रेल्वेच्या रुळांपलीकडे चालत जाण्याइतक्या अंतरावर ती जागा आहे. मैदान आहे, हिरवंगारही आहे, पण तिथं आता कॉलिंगवुड क्लब सराव करतो. ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल, चेंडू लांबट, हातानंही खेळता येतो. माझा भाचा गेल्या वर्षी जाऊन आला. पाटी वगैरे काही दिसली नाही म्हणाला. त्यानं कुंपणाबाहेरून फोटो काढून पाठवला: गवत, चार उंच पांढरे खांब आणि वर मळभ.